चौथं कलम

दिग्रस,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय संघर्ष,

सप्रेम जय भीम. तुझ्या घरी सगळे खुशाल आहेत असं धरून चालतो. खुशाल नसते तर तू ते चॅनलवरून जाहीर केलंच असतंस.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. काल माझ्या चपला गेल्या. चोरीला गेल्या असं मी म्हणणार नाही, कारण नेणारा विहार समितीचा सन्मान्य सदस्य आहे, आणि समितीत चोर नसतात, घाईतली माणसं असतात. सात जण आले होते. दाराशी त्यांचे सात जोड, आठवा माझा. मंडळी उठून गेली तेव्हा एकच जोड उरला होता आणि तो माझा नव्हता. उजव्याचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला, डाव्याच्या टाचेला भोक. माझा जोड धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीच्या बाहेरून घेतलेला. पायाला चावणं अजून पुरतं थांबलं नव्हतं त्याचं. आज मी त्या तारेवर शाळेत गेलो. आठवी ब च्या वर्गानं संपूर्ण शांततेत माझ्या पायांचं निरीक्षण केलं. एरवी एवढी शांतता मिळावी म्हणून मी तीस-तीस मिनिटं घसा कोरडा करतो.

हे सात जण कशाला आले होते ते तुला ठाऊक आहे, कारण त्यांना पाठवणाऱ्यांत तूही आहेस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पंचफुलाबाई उपाशी मरते आहे, तिच्या नाकात नळी घालून तिला अन्न द्यावं, आणि धर्मपाल मास्तर, म्हणजे पोटचा पोरगा, ते होऊ देत नाही, सबब मास्तर पापी. पाप हा शब्द आपल्यात चालत नाही, म्हणून 'अकुशल कर्म' म्हणाले. अध्यक्ष म्हणून उकंडामामा मधोमध बसले. मायचा चुलतभाऊ म्हणून त्यांना बोलायचा दुप्पट अधिकार. वय अठ्ठ्याहत्तर. माय दवाखान्यातून घरी आल्यापासून आपल्या घरचं पाणी प्यायचं नाही असा त्यांचा निश्चय आहे. चहा पितात. चहा पाण्यात धरत नाहीत.

मी कोणाचंच ऐकत नाही असं दिसल्यावर मामांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, स्पीकरवर लावला, आणि तू बोललास: "रविवारी मी अँब्युलन्स घेऊन येतो. मायला नागपूरला नेतो. दादाला काय करायचं ते करू द्या." तुझा आवाज आपल्या पुढच्या खोलीत बरा घुमतो. लहानपणी पाढ्यांना घुमला असता तर बाबांच्या काठ्या वाचल्या असत्या.

मी फोन न करता पत्र का लिहितोय, असा प्रश्न तुला पडेल. गेल्या आठवड्यात त्या यूट्यूबवाल्याशी तू फोनवर बोललास, "दादा एकटाच निर्णय घेतो, आम्हाला विचारत नाही," आणि त्यानं ते वाक्य संगीतासकट चालवलं. महागावच्या मार्केटात सोयाबीन घेऊन गेलेला आपला शेजारी परत आला तो मला तेच ऐकवत आला. तेव्हापासून मला फोनची धास्ती आहे. पत्राला संगीत लावता येत नाही.

आता मायची हकिकत. तुझ्यापर्यंत ती चार तोंडांतून पोचली आहे, पाचव्या तोंडाचं ऐक.

सोळा ऑक्टोबरला सकाळी माय अंगणात उडीद पाखडत होती. सूप हातातून सुटलं, ती भिंतीला टेकली. लकव्याचा दुसरा झटका. यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं जवळजवळ गेलं. डावा हात तेवढा चालतो. त्या डाव्या हातानं तिनं नाकातली नळी दोनदा उपसून काढली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा नर्सनं तो हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधून टाकला. नर्सचा दोष नाही, तिच्याकडे चौदा खाटा होत्या. मी सकाळी चहा घेऊन गेलो. माय छताकडे बघत होती आणि बांधलेल्या हाताची बोटं दांडीवर वाजवत होती. एकसारखी. कोणी दार उघडत नाही तेव्हा वाजवावं तशी.

मी घरी फोन करून तुझ्या उर्वशीवहिनीला म्हटलं, पत्र्याच्या पेटीतला कागद घेऊन पुढच्या गाडीनं ये.

कागद तुला माहीत आहे. गेल्या वर्षी वर्षावासात केलेला. मायची सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं कोर्टानं घालून दिलेल्या रीतीनं. एक प्रत नगरपरिषदेत, एक तुला पाठवली होती. ती तू वाचली नाहीस असा माझा अंदाज आहे, कारण वाचली असतीस तर तेव्हाच भांडला असतास. तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तो कागद वाचला, मायला तपासलं, आपसात बोलले, सह्या केल्या. नळी काढली. सत्तावीसला आम्ही तिला घरी आणलं. 'मास्तरनं रात्री जाऊन ऑक्सिजन उपटला' हा जो प्रसंग चॅनलवर सविस्तर येतो, तो मूळ संहितेत नाही.

डॉ. राखी राठोड रोज दवाखाना आटोपून येऊन जाते. तुला आठवत असेल, धावजी नाईकांच्या तांड्यावरची, दहावीला संस्कृतात शहाण्णव पाडणारी. संस्कृत फक्त गुणांसाठी घेतलं होतं, हे ती मला आता सांगते. मायच्या खाटेजवळ बसते, आपल्या बंजारा बोलीत तिला 'याडी', म्हणजे आई, म्हणते, आणि मला बाहेर आणून मराठीत खरं सांगते. "सर, नळी घातली तर काही महिने निघतील, पण आजी उठणार नाहीत, बोलणार नाहीत. नाही घातली तर दोन-तीन आठवडे." उर्वशी मायला बसती करते, हनुवटी छातीकडे झुकवते आणि चमच्यानं घट्ट वरण नाही तर कुस्करलेलं केळं देते. चार चमचे पोटात गेले तर तो मोठा दिवस. तेव्हा मी तिला उपाशी ठेवलेलं नाही. हे तुझ्या चॅनलवाल्याला कळव.

यापुढे पूर्वपक्ष मांडतो. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडल्याशिवाय खोडायचं नाही, हा आमच्या शास्त्राचा नियम. तू तो कधी पाळला नाहीस म्हणून तुझी बढती लवकर झाली.

कार्तिक पौर्णिमेला बाहेरगावचे एक भंतेजी आले होते. देसना झाली. पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीव न घेणं, हे पहिलं शील. आणि जो जन्मदात्रीचं अन्न तोडतो तो पहिलं शील तोडतो. नाव घेतलं नाही. गरज नव्हती, सगळा विहार मागे वळून माझ्याकडे बघत होता. मी उभा राहिलो. म्हटलं, "भन्ते, तथागतांनी ऐंशीव्या वर्षी जगण्याची ओढ स्वतःहून खाली ठेवली. आनंद रडला. पण तथागतांनी त्याला वैद्य आणायला पिटाळलं नाही." भंतेजी रागावले नाहीत. म्हणाले, "ठेवली ती तथागतांनी, उपासक. त्यांच्या वतीनं आनंदानं नाही ठेवली."

उत्तर चांगलं होतं. मी खाली बसलो. चांगल्या उत्तरापुढे खाली बसावं एवढं मला शिकवलेलं आहे. मत मात्र बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे निवृत्त मुख्याध्यापक आले, हातात नारळ. "मनवर, अभिनंदन. हे तर साक्षात प्रायोपवेशन. आपल्या परंपरेत याला फार मोठं स्थान आहे." आपल्या म्हणाले. पंचवीस वर्षांपूर्वी संस्कृतच्या जागेसाठी मी मुलाखतीला बसलो तेव्हा हेच गृहस्थ माझ्या दाखल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाले होते, "तुम्ही इतिहास का नाही घेतलात?" मी त्यांना म्हटलं, "सर, माझी माय कुठलंही व्रत करत नाही. तिला लकवा झालाय." ते जरा हिरमुसले. नारळ उर्वशीनं ठेवून घेतला, चटणीला बरा निघाला.

म्हणजे बघ, विहाराच्या मते मी बामणी विद्येनं बिघडलो, आणि यांच्या मते त्याच विद्येनं मी सुधारलो. तेरा वर्षांची असताना बापाचं बोट धरून नागपूरला जाऊन बावीस प्रतिज्ञा म्हणून आलेली बाई आत खाटेवर पडली आहे, आणि बाहेर दोन्हीकडचे लोक तिला आपापल्या खात्यात ओढून राहिले आहेत. त्यांच्यातल्या एकानंही अजून तिची कूस बदललेली नाही. दर दोन तासांनी बदलावी लागते.

तहसीलदारांना निवेदन गेलं आहे. माझ्यावर गुन्हा दाखल करा, शाळेतून काढा. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून विचारलं, "सर, हे प्रकरण मिटवता नाही का येणार?" मी म्हटलं, "प्रकरण ब्याऐंशी वर्षांचं आहे, त्याच्या गतीनं मिटेल." त्यांनी पाणी मागवलं.

आणि समितीनं काल जाताना ठराव ऐकवला: बाई 'अशा रीतीनं' गेली तर जलदान विधीला विहार मिळणार नाही. ठीक आहे. त्रिशरण-पंचशील मला येतं. अंगण आपलं आहे, मेणबत्त्या किराणा दुकानात मिळतात. ज्याला यायचं तो येईल. उरलेल्यांना सांग की मायनं त्या विहाराच्या पायाला डोक्यावरून दगड वाहिलेत. तिथे तिला जागा नाकारायला ठराव पुरत नाही, आधी ते दगड काढावे लागतील.

तुला आता एकच आठवण करून देतो, मग अँब्युलन्सचं बघू.

बाबा गेले तेव्हा तू सतरा दिवस नागपूरच्या त्या दवाखान्याच्या जिन्याखाली झोपलास. मी दोनदा येऊन गेलो, तू हललाही नाहीस. याबद्दल मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही, आज म्हणतो. पण मायनं त्या सतरा दिवसांत बाबांना काचेतून पाहिलं. रोज पाच मिनिटं. बाबांचे दोन्ही हात बांधलेले होते. अठराव्या दिवशी तिला हात लावू दिला तेव्हा ते गार झाले होते.

गेल्या वर्षी वर्षावासात ग्रंथवाचन संपलं आणि माय आपणहून उभी राहिली. तू नव्हतास. सगळ्या बाया होत्या, उकंडामामा होते, मी चपलांजवळ बसलो होतो. ती म्हणाली:

"आयका सगळ्याईनं. माह्या मालकाले सतरा दिवस काचीच्या खोलीत ठेवलं. मेल्यावर माह्या हाती देल्लं. माह्यासंगं असं करू नका. मले मशीन लावू नका, काचीत ठेवू नका, माहे हात बांधू नका. मले माह्या घरी, माह्या दोन्ही पोराईजवळ जाऊ द्या. आता खिचडी वाढा."

एवढंच. भाषण म्हणून मी याहून चांगलं ऐकलेलं नाही, आणि मी खूप भाषणं ऐकली आहेत.

म्हणून सांगतो. रविवारी अँब्युलन्स घेऊन आलास तर मी दारात उभा राहीन. तू माझ्याहून तगडा आहेस, ड्रायव्हरही असेल, मला बाजूला करायला तुम्हाला वेळ लागणार नाही. पण करावं लागेल. चॅनलवाल्याला बोलाव, त्याला चांगलं चित्रण मिळेल.

पाच वाजले, पोस्ट बंद झालं. उद्या टाकतो.


मंगळवार, दुपार

काल पाकीट चिकटवलं नाही ते बरं झालं.

आज सकाळी अकराला उकंडामामा आले. एकटे. (पायात माझ्या चपला नव्हत्या, मी पाहिलं.) हातात कापडात गुंडाळलेला डबा. ओट्यावर बसायचे ते आज आत आले आणि खुर्चीवर न बसता भिंतीशी जमिनीवर बसले.

"तो कागद आन."

"त्यावर तुमची सही आहे, मामा."

"हाव, हाये ना. म्हनूनच म्हनतो. वाच."

मी वाचला. मी बरा वाचतो. 'माझी विवेकबुद्धी पूर्णतः शाबूत असताना व कोणत्याही दडपणाविना मी असे निर्देशित करते की' इथपासून शेवटपर्यंत. मामा डोळे मिटून ऐकत होते, परित्राणपाठ ऐकावा तसे. संपल्यावर म्हणाले, "आता माह्या भाषेत सांग."

"पहिलं कलम, श्वासाचं मशीन लावू नका."

"हाव. बोलली होती ते."

"दुसरं, जीव गेल्यावर छाती दाबून, झटके देऊन परत आणू नका."

"हे बी मशीनच झालं. हाव. पुढं."

"तिसरं, काचेच्या खोलीत ठेवू नका, घरी न्या."

"हाव. चवथं?"

मी चष्मा काढून पुसला.

"चवथं सांग ना, मास्तर."

"नळीनं अन्नपाणी देऊ नका."

मामांनी डोळे उघडले. "हे ते कवा बोलली?"

संघू, पंचवीस वर्षं मी वर्गात उभा आहे. उत्तर येत नसलेलं पोरगं खडूकडे कसं बघतं ते मला पाठ आहे. आज मी त्या कागदाकडे तसा बघत होतो.

"मी होतो ना तिथं," मामा म्हणाले. "मशीन बोलली. काच बोलली. हात बोलली. भाकरीचं ते बोललीच नाई. बह्यात्तरच्या दुष्काळात आपल्या वाट्याची सुकडी तुह्या तोंडात घालून आपुन पानी पिऊन निजाची ते. तू मांडीवर होता. ते म्हनीन का, मले खाले देऊ नका?"

मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले:

"ज्या भाषेनं आपल्या आज्या-पंज्याले उंबऱ्याभायेर ठेवलं, ते तू शिकला. आमाले मोठं वाटलं. गावोगाव सांगत फिरलो आमी, आमचा भाचा संस्कृत शिकोते. अन् त्याच भाषेत तुनं माह्या बहिनीचं मरन लिवलं. मले समजलं नाई. तरी मी सही केली. इचारलं काहून नाई? लाज वाटली, बापा. तू मास्तर."

कागद मराठीत आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण तो मराठीत नाही.

मग ते उठून मायजवळ गेले. डब्यात ज्वारीची आंबील होती. उर्वशीनं त्यांना आंबील दाट करून दिली, चमचा अर्धाच भरायचा, हनुवटी खाली ठेवायची, सगळं दाखवलं. "पंचफुले, म्या आनली," मामा म्हणाले. मायनं तोंड उघडलं. पहिला चमचा गेला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, 'बघ' म्हणून. दुसऱ्याला ठसका लागला. तो ठसका तू पाहिलेला नाहीस. दोन-तीन मिनिटं चालतो. चेहरा काळानिळा होतो, डोळे बाहेर येतात, आणि आपण पाठ चोळण्यापलीकडे काही करू शकत नाही. थांबला तेव्हा मामांच्या धोतरावर आंबील सांडली होती आणि चमचा खाटेखाली गेला होता.

ते बाहेर येऊन बसले. बऱ्याच वेळानं पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले.

जाताना म्हणाले, "संघर्षले म्हना गाडी नको आनू. तिचे हात बांधतीन ते लोक." आणि दाराशी पोचल्यावर, "पन मास्तर, ते चवथं तुहं हाये. तिचं नोय."

आता मी तुला ते सांगतो जे मी उर्वशीलाही सांगितलेलं नाही.

वर्षावासातल्या त्या सभेनंतर मी कागद करायला बसलो. इंटरनेटवर एक इंग्रजी नमुना सापडला. त्यात चार कलमं होती. मी दोन दिवस बसून त्याचं भाषांतर केलं. 'कृत्रिम अन्नजलाचा परित्याग' हे शब्द जमले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला लख्ख आठवतं. मी ते मोठ्यानं म्हणून पाहिले होते. मायला काय वाटेल हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता. वाक्य कसं बसलं हा होता.

नोटरीच्या ओसरीत बसलो होतो तेव्हा माय म्हणाली, "काय लिवलं रे यात?" समोर लोक रांगेत होते, नोटरी घाई करत होता. मी म्हटलं, "तू विहारात बोललीस तेच, माय." ती म्हणाली, "बरं." आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली तिची ती सही, एकेक अक्षर थांबून, पंचफुला मनवर. मामांनी सही केली. मी तिला बाहेर नेऊन भजी खाऊ घातली.

ती बोललेली तीन कलमं आणि माझं एक. तिनं चारही माझ्या शब्दावर सही केली.

आता माझी बाजूही ऐक, कारण बाजू आहे. नाकातली नळी ती डाव्या हातानं काढते. काढू द्यायची नाही तर हात बांधावा लागतो. हात बांधू नका हे तिनं साठ माणसांसमोर सांगितलं आहे. तेव्हा नळी नको हे तिच्याच बोलण्यातून निघतं. हा युक्तिवाद पक्का आहे. भंतेजींपुढे मांडीन, तहसीलदारापुढे मांडीन, तुझ्या अँब्युलन्सपुढे उभा राहून मांडीन, आणि कोणाकडून हरणार नाही. यात खोट एवढीच की तो मला आज जेवण झाल्यावर सुचला, आणि सही गेल्या वर्षी झाली.

आणि दुसरी खोट. राखीला मी विचारलं होतं, माय नळी का उपसते? नकोच आहे म्हणून? ती म्हणाली, "सर, नाकात खाजतं. सगळेच उपसतात."

तरी माझं म्हणणं ऐक. अँब्युलन्स नको, कारण मशीन लावायचं नाही. हात बांधायचे नाहीत. काचेआड न्यायचं नाही. ही तीन तिची आहेत, मी जिवंत असेपर्यंत त्यांतलं एकही तुला, समितीला किंवा सरकारला मोडू देणार नाही. चॅनलवर काय वाजायचं ते वाजू दे, शाळा राहायची तर राहील. कोणी मला आईचा मारेकरी म्हटलं तर मी त्याला बस म्हणतो, चहा देतो. याची मला सवय झाली आहे.

पण चौथं माझं आहे. मी एकट्यानं लिहिलं, एकट्यानं तिच्या नावावर घातलं. तू चॅनलवर बोललास ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणून चौथ्यावर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे, आणि ते काय करायचं ते तू आल्याशिवाय ठरणार नाही. रविवारपर्यंत थांबू नकोस. आज स्पीड पोस्टानं हे टाकतो, मिळालं की त्याच दिवशीची गाडी पकड. एकटा ये. ती दोन्ही पोरं म्हणाली होती.

राखी म्हणते, अशा अवस्थेत भूक बहुतेक जाणवत नाही. बहुतेक. मी तिला पुन्हा विचारलं तेव्हा ती गप्प राहिली, आणि ती खोटं बोलणारी मुलगी नाही. चमचा ओठाशी गेला की माय तोंड उघडते. सवयीनं उघडते की भुकेनं, हे मला कळत नाही. मी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारतो, तिच्या भाषेत विचारतो, भूक लागली का माय. ती माझ्याकडे बघते.

लोकांची मला भीती नाही, संघू. कायद्याची नाही, धम्माचीही नाही. माय उपाशी असेल आणि तिला ते मला सांगता येत नसेल, एवढीच आहे.

तुझा,
दादा